सोळा आणे जमीन कशाला म्हणावे?

'काळी कसदार जमीन' हा धडा वऱ्हाडातल्या शाळेत शिकवणे सोपे, असा आपला समज असतो. खिडकीबाहेर पाहिले की धडा समोरच पसरलेला दिसतो. पण दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर किंवा तेल्हारा तालुक्यातला एखादा विद्यार्थी विचारील, "सर, आमचे वावर काळे आहे, खोलही आहे. मग आमची कपाशी दसऱ्यानंतर का वाळते?" या प्रश्नाचे उत्तर 'काळी म्हणजे कसदार' या वाक्यातून मिळत नाही. उलट, प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या वडिलांच्या मेहनतीवरच शंका घेतली जाते. जमीन चांगली आणि पीक वाईट, म्हणजे दोष शेतकऱ्याचा, असे मानायला आपण फार लवकर तयार होतो.

दोष जमिनीला 'चांगली' ठरवणाऱ्या मापात असेल तर? या लेखात आम्ही जमिनीची प्रतवारी करण्याच्या काही प्रसिद्ध पद्धती तपासणार आहोत. तपासणीची जागा मात्र एकच ठेवू : अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून जाणारा पूर्णेचा खारपाणपट्टा.

आधी जागेची ओळख

पूर्णा ही तापीची मोठी उपनदी. उत्तरेला सातपुड्याचे गाविलगड डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि मध्ये भूकवचातील भ्रंशांमुळे खचलेले, शेकडो मीटर गाळाने भरलेले सपाट खोरे. या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतला सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरचा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील विहिरींचे पाणी खारे. म्हणूनच हे नाव.

पण पाण्याचा खारेपणा आणि मातीचा दोष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि येथेच पहिला गोंधळ होतो. 'येथे पूर्वी समुद्र होता, म्हणून जमीन खारट' असे गावोगाव सांगितले जाते. मातीतील सोडियमसाठी समुद्राची गरज नाही. या मातीचा मूळ खडक बेसाल्ट. त्यातील प्लॅजिओक्लेज या खनिजात कॅल्शियम असते, तसेच सोडियमही असते. खनिज झिजले की दोन्ही मोकळे होतात. हवामान कोरडे असेल तर कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने कॅल्शियम बाहेर पडतो. नांगराच्या तासात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे म्हणजे हाच कॅल्शियम. मातीतल्या पाण्यात मग सोडियमचा वाटा वाढतो आणि तो चिकणमातीच्या कणांना जाऊन चिकटतो. पूर्णा खोऱ्यातील जमिनींच्या ऱ्हासाची ही प्रक्रिया बालपांडे, देशपांडे व पाल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडली आहे.

सोडियमने काय बिघडते? कॅल्शियम मातीच्या कणांना एकत्र धरून ठेवतो, सोडियम त्यांना सोडवतो. सुटलेले कण पावसाच्या पाण्यात पसरतात आणि मातीतील बारीक वाटा बुजवतात. वरून माती काळीभोर, भेगाळणारी, अगदी शेजारच्या चांगल्या शेतासारखीच दिसते. आत मात्र पाणी उतरत नाही. पावसाळ्यात शेतात पाणी साचते, वाफसा लवकर येत नाही, निंदण-वखरणी खोळंबते. पाऊस गेल्यावर तीन-साडेतीन फुटांखाली ओलच नसते. कपाशीची मुळे मीटरभर खाली जातात आणि बोंडे भरण्याच्या दिवसांत खालच्या ओलीवरच झाड जगते. ती ओल साठलेलीच नसेल, तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आता प्रतवारीच्या पद्धती या शेतात उतरवून पाहू.

पावणेदोन हातांचे माप

मुंबई इलाख्याच्या सारा-मोजणीसाठी गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी १८४७ मध्ये एक संयुक्त अहवाल तयार केला. त्यातील जमिनीची प्रतवारी आण्यांत होती. हीच पद्धत पुढे १८६० च्या दशकात वऱ्हाडात आली. (पिकाचा अंदाज बांधणारी आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी, ही वेगळी. दोन्हींत गल्लत होऊ नये.)

पद्धत अशी : मातीचे पोत व रंगावरून तीन प्रकार पाडायचे. बारीक, एकसारख्या पोताची, काळी ते गडद तपकिरी माती पहिल्या प्रकारात. मग खोली मोजायची. पहिल्या प्रकारची माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, दीड हात असेल तर चौदा, सव्वा हाताला बारा, एका हाताला दहा, आणि असे उतरत पाव हाताला साडेचार आणे. त्यानंतर दोष पाहायचे : चुनखडी, वाळूची भेसळ, उतार, कणांत चिकटपणाचा अभाव, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याचा मारा, जमिनीतून पाझरणारे जादा पाणी. एका दोषाला एक वर्ग खाली.

या पद्धतीची थट्टा करण्याचे कारण नाही. कुदळ, हात आणि डोळे एवढ्याच साधनांवर लाखो शेतांची प्रतवारी करायची होती. ज्या बरड आणि मुरमाड जमिनीत खडक हातभर खाली लागतो, तेथे खोली हाच खरा प्रश्न असतो आणि तेथे ही पद्धत बरोबर उत्तर देते. शिवाय चुनखडी आणि पाणी न मुरणे हे दोन्ही दोष तिच्या यादीत आहेत. आज आपण ज्या दोन खुणा महत्त्वाच्या मानतो, त्या तेव्हाच्या मोजणीदारांच्या नजरेतून सुटल्या नव्हत्या.

चुकले ते वजन. खारपाणपट्ट्यातील जमीन काळी, बारीक पोताची आणि पावणेदोन हातांहून कितीतरी खोल. म्हणजे तिची सुरुवातच सोळा आण्यांपासून. चुनखडीसाठी एक वर्ग, न मुरणाऱ्या पाण्यासाठी एक वर्ग उतरवला तरी ती बारा आण्यांवर थांबते. सव्वा हात खोलीच्या, पण निचऱ्याच्या निर्दोष जमिनीच्या बरोबरीने. पाणी न उतरणे हा येथे सोळापैकी दोन आण्यांचा दोष धरला आहे. पीक त्याला त्याहून फार मोठा मानते. आणि पावणेदोन हात म्हणजे सुमारे ८० सेंटीमीटर. त्याखालचे मोजणीत येतच नव्हते, तर हा दोष खोलीबरोबर वाढत जातो.

आठ वर्ग आणि आठ रंग

शाळा-महाविद्यालयांत आज शिकवले जाणारे भूक्षमता वर्गीकरण अमेरिकेतले. १९३० च्या दशकात तेथील मैदानांवर धुळीची वादळे उठली आणि १९३५ मध्ये मृद्संधारण सेवा स्थापन झाली. या कामातून जी पद्धत घडली, तिचे प्रमाण रूप क्लिंगेबिएल व माँटगोमेरी यांच्या १९६१ च्या पुस्तिकेत आहे. पहिले चार वर्ग लागवडीयोग्य, पुढचे चार कुरण, वन व वन्यजीवनासाठी. पहिला हिरवा, दुसरा पिवळा, तिसरा तांबडा, चौथा निळा असे नकाशाचे रंग. मर्यादा कोणती हे सांगायला धूप, ओलावा, माती आणि हवामान असे चार उपवर्ग.

ही पद्धत धुपेच्या भीतीतून जन्मली, हे विसरून चालत नाही. म्हणून तिच्यात उताराला मोठा मान आहे. मेळघाटाच्या पायथ्याशी ती वापरली तर उत्तम मार्गदर्शन करते. पूर्णेच्या काठावर मात्र उतार एक टक्क्याच्याही आत. खोली भरपूर, उतार जवळजवळ नाही, दगडगोटे नाहीत. या तिन्ही परीक्षांत खारपाणपट्टा पहिल्या श्रेणीत येतो. निचऱ्याची परीक्षा कोणी नीट घेतलीच नाही, तर नकाशावर तो आकर्षक रंगात उमटतो.

आणखी एक गोष्ट आपण शिकवताना गाळतो. हे वर्गीकरण उत्पादकतेचा क्रम लावत नाही आणि कोणत्याही एका पिकासाठी केलेले नाही, असे त्याच्या कर्त्यांनीच स्पष्ट केले आहे. तरीही परीक्षेत 'वर्ग एक सर्वांत उत्पादक' असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात.

गुणाकाराने लपणारा दोष

वर्गांऐवजी गुण द्यावेत, असे कॅलिफोर्नियातील आर. अर्ल स्टोरी यांनी १९३३ मध्ये सुचवले. मातीचा छेद, वरच्या थराचा पोत, उतार आणि इतर बाबी यांना टक्क्यांत गुण द्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा.

दोन काल्पनिक शेते घेऊ. पहिल्या शेतात चारही बाबींना ८० टक्के. गुणाकार सुमारे ४१. दुसऱ्यात तीन बाबींना १०० आणि चौथीला, म्हणजे निचऱ्याला, ४०. गुणाकार ४०. कागदावर दोन्ही शेते सारखीच. पण पहिल्या शेतात सर्वच बाबतींत थोडे थोडे कमी आहे. थोडी बांधबंदिस्ती, थोडे शेणखत यांनी ते सुधारते. दुसऱ्याचे एकच दुखणे आहे आणि ते बरे झाल्याशिवाय खत, बियाणे, फवारणी यांवरचा खर्च मातीत जातो. एकच आकडा लिहिला की नेमकी हीच माहिती पुसली जाते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. सर्व विषयांत काठावर असलेला विद्यार्थी आणि एकाच विषयात अडलेला विद्यार्थी यांची सरासरी सारखी येऊ शकते, पण दोघांना शिकवणी एकच लावून भागत नाही.

योग्य, पण कशासाठी?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये भूमूल्यमापनाची चौकट प्रसिद्ध केली. आमच्या मते या विषयातील ही सर्वांत विचारी पायरी. 'जमीन चांगली आहे का?' हा प्रश्नच तिने बदलला. 'ही जमीन या विशिष्ट उपयोगासाठी योग्य आहे का?' असे ती विचारते आणि अतिशय योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य, अयोग्य अशी उत्तरे देते.

खारपाणपट्ट्यात या प्रश्नाने चित्र पालटते. खोल मुळांची, दीर्घ मुदतीची कपाशी येथे अडचणीत येते. दोन-सव्वादोन महिन्यांत निघणारा मूग वरच्या थरातील ओलीवर निभावून जातो. आणि शेततळे? पाणी न मुरण्याचा जो गुण पिकाला मारतो, तोच शेततळ्याला तारतो. अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर न घालताही पावसाचे गोडे पाणी टिकते. भूजल खारे असलेल्या भागात अशा पाण्याची एक-दोन संरक्षित ओलिते मोलाची ठरतात. एकच शेत, तीन उपयोग, तीन उत्तरे. सोळा आण्यांच्या एका आकड्यात हे कसे मावणार?

मात्र चौकट चांगली असली तरी तिच्यात भरलेले आकडे कोठून आले, हे पाहावे लागते. येथे आमची मुख्य तक्रार आहे.

पंधराचा आकडा

मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण धन आयनांमध्ये सोडियम किती टक्के, या मापाला विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण म्हणतात. हे प्रमाण १५ च्या वर गेले तर जमीन चोपण, असा निकष अमेरिकेच्या क्षारभूमी प्रयोगशाळेने १९५४ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेत दिला. तो जगभर पाठ झाला. आपल्याकडेही.

परंतु मातीचे कण केव्हा पसरतील हे सोडियमवर जितके अवलंबून, तितकेच आतल्या पाण्यात क्षार किती यावर. क्षारयुक्त पाण्यात कण एकत्र राहतात, पावसाच्या शुद्ध पाण्यात सहज सुटतात. वऱ्हाडातील शेती पावसावरची. शिवाय येथील मातीत ५० ते ७० टक्के चिकणमाती आणि तीही फुगणाऱ्या स्मेक्टाइट खनिजाची. अशा मातीत थोडा सोडियमही पुरतो. ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञांनी आपल्या जमिनींसाठी ही मर्यादा केव्हाच ६ वर आणली होती.

नागपूर, अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खोल काळ्या जमिनी आणि त्यांवरील कोरडवाहू कपाशी यांचा अभ्यास कडू, वैद्य, बालपांडे, सत्यवती व पाल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष थोडक्यात असा : सोडियमचे प्रमाण ५ च्या आत आणि पाण्याने तुडुंब भरलेल्या मातीतून पाणी खाली सरकण्याचा वेग ताशी २० मिलिमीटर किंवा अधिक असेल तर कपाशीचे उत्तम उत्पन्न मिळू शकते. हा वेग १० मिलिमीटरच्या खाली गेला की उत्पन्न निम्म्यावर येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या शेतात सोडियम ८ किंवा १० टक्के आहे, ते पंधराच्या निकषाने निर्दोष. शेतकऱ्याची कपाशी मात्र निम्मी. कपाशी क्षार सहन करणारे पीक आहे, ही ग्रंथांतील नोंद खरी असली तरी येथे कामाची नाही. येथे झाड क्षाराने मरत नाही, तहानेने वाळते. परक्या मातीवर, वेगळ्या पाण्यावर ठरलेला आकडा आपण मर्यादा म्हणून स्वीकारला आणि पाच ते पंधरा यांच्या मधल्या शेतांना निरोगी असल्याचा दाखला देत राहिलो. यात आमच्यासारखे संशोधकही आले.

जे मोजत नाही, ते दिसत नाही

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात : सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. खतांचा हिशेब करायला ही यादी उपयोगी आहे. पण तिच्यात विनिमयक्षम सोडियम नाही आणि पाणी मुरण्याचा वेगही नाही. नमुना वरच्या वीतभर थरातला. खारपाणपट्ट्यातील बऱ्याच शेतांची विद्युत वाहकता वरच्या थरात साधारण येते, कारण दोष विरघळलेल्या क्षारांचा नसून कणांना चिकटलेल्या सोडियमचा आणि खालच्या थराचा असतो. पत्रिका खोटे बोलत नाही. तिला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

नकाशांचेही असेच. १:२,५०,००० प्रमाणाच्या मृदा नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, आणि एक चौरस सेंटीमीटर म्हणजे ६२५ हेक्टर. जिल्ह्याचे धोरण ठरवायला हा नकाशा ठीक. पाच एकरांच्या शेतात काय पेरावे, हे त्यावरून सांगणे म्हणजे भिंतीवरच्या भारताच्या नकाशात आपली गल्ली शोधण्यासारखे. १:१०,००० च्या नकाशावर तोच चौरस सेंटीमीटर एक हेक्टर दाखवतो. शेतापर्यंत पोचायचे तर मोजणीही त्या बारकाईची हवी.

या चुकीची किंमत कोण देते? चांगल्या वर्गातील जमीन म्हणून जो शेतकरी कर्ज काढून विहीर खोदतो आणि तिचे खारे पाणी पिकाला देतो, तो. त्या पाण्यातला सोडियम मातीत साठतो आणि पुढच्या पावसाळ्यात वावर आणखी बंद होते. उलट दोष वेळीच कळला तर जिप्सम, बोरू किंवा धैंचाचे हिरवळीचे खत, चर काढून निचरा, पिकाची वेगळी निवड असे मार्ग आहेत. जिप्सम मातीला तिचा गमावलेला कॅल्शियम परत देते. पण औषध घ्यायचे तर आधी रोगाचे नाव कागदावर यायला हवे.

शाळेत करण्याजोगे

विद्यार्थ्यांना हा दोष डोळ्यांनी पाहता येतो. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ इमर्सन यांनी १९६७ मध्ये सुचवलेल्या परीक्षेचे हे सोपे रूप.

काचेचे दोन पेले घ्यावेत. एकात स्वच्छ साठवलेले पावसाचे (किंवा ऊर्ध्वपातित) पाणी, दुसऱ्यात गावच्या विहिरीचे. शेतातील वाळलेल्या मातीचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे ढेकूळ दोन्हींत अलगद सोडावे. ढवळू नये, पेले हलवू नयेत. दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूळ फुटून त्याचे तुकडे होतील. एवढ्याने घाबरू नये, काळ्या मातीचे ढेकूळ फुटतेच. पाहायचे ते हे की तुकड्यांभोवती दुधाळ गढूळपणा पसरतो का. पसरत असेल तर माती सोडियमने सुटते आहे. त्याच मातीचे ढेकूळ खाऱ्या विहिरीच्या पाण्यात बहुधा गढूळ होणार नाही. 'असे का?' हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उत्तर या लेखात आले आहे, पण मुलांना ते स्वतः शोधू द्यावे.

हाच प्रयोग वीतभर, दीड फूट आणि तीन फूट खोलीच्या मातीवर करावा. नमुने नव्या शेततळ्याच्या किंवा चराच्या काठावरून मोठ्या माणसाने काढावेत, मुलांना खड्ड्यात उतरवू नये. वेगवेगळ्या शेतांतील नमुने, शेतकऱ्याने सांगितलेले कपाशीचे उत्पन्न आणि पावसानंतर वाफसा यायला लागणारे दिवस अशी एक वही ठेवली, तर दोन-तीन वर्षांत गावाची स्वतःची प्रतवारी तयार होईल. ती प्रयोगशाळेच्या आकड्यांची जागा घेणार नाही. पण प्रयोगशाळेकडे कोणत्या शेताची, किती खोलीवरची माती पाठवायची आणि कोणती तपासणी मागायची, हे ती सांगेल.

हे करताना सातबाराही वर्गात आणावा. त्यावरील आकारणीचा आकडा आणि पोटखराबाची नोंद विद्यार्थ्यांना वाचायला लावावी आणि आकारणीमागची माती तेव्हा कशी मोजली होती, ते सांगावे. मग ज्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, त्याला आपण सांगू शकू की त्याचे वावर काळे आहे, खोल आहे आणि तरीही आजारी असू शकते, आणि यात त्याच्या वडिलांचा काही दोष नाही.